नगरपित्यांविरुद्धची फिर्याद

स्थानिक स्वराज्याचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार मताधिकार कसकसा वाढत गेला, करांचे उत्पन्न किती झाले, गटारे व रस्ते केव्हा बांधले गेले, याची हकीकत मोठ्या विस्ताराने देतात. परंतु निवडून आलेला सभासदच वाईट वागला, तर सामान्य करदात्याने दाद कोणापाशी मागावी, या प्रश्नाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः स्वराज्याची खरी कसोटी येथेच लागते. ज्या इंग्लंडापासून आपण म्युनिसिपालिटीची घटना घेतली, त्या देशाने या प्रश्नाशी पावणेदोनशेहून अधिक वर्षे झगडून काय मिळविले व काय गमावले, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

इ. स. 1835 पूर्वी इंग्लंडातील बहुतेक नगरमंडळे स्वयंनियुक्त असत. सभासद मेला की उरलेल्यांनी आपल्या गोतावळ्यातील दुसरा निवडावा, असा प्रघात होता. त्या वर्षीच्या कायद्याने 178 नगरांत करदात्यांनी निवडलेल्या सभा आल्या, आणि ज्याचा नगराच्या मक्त्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग असेल त्याला सभासद होता येणार नाही, असा निर्बंधही आला. याहून अधिक काही करण्याची गरज तेव्हाच्या सुधारकांस वाटली नाही. वाईट सभासदास मतदार पुढच्या निवडणुकीत घरी बसवतील, हाच न्याय व हीच शिक्षा, अशी त्यांची श्रद्धा होती.

या श्रद्धेला पहिला मोठा तडा लंडनमध्ये गेला. 1855 मध्ये स्थापन झालेल्या मेट्रोपोलिटन बोर्ड ऑफ वर्क्स या मंडळाने, बॅझलजेट या स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखाली, त्या शहराची प्रचंड भुयारी गटारे बांधली. मात्र त्याचे सभासद लोकांनी थेट निवडलेले नसून निरनिराळ्या विभागांच्या सभांनी पाठविलेले असत. त्यामुळे मतदारांचा हात त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. 1886 साली ‘फायनॅन्शियल न्यूज’ पत्राने मंडळाच्या जमिनींच्या व्यवहारांवर झोड उठविली, व 1888 साली लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. पिकॅडिली सर्कसजवळच्या एका नाट्यगृहाच्या जागेसंबंधी मंडळाच्या नोकरांनी पैसे खाल्ले होते, आणि धंद्याने वास्तुशिल्पी असलेल्या सभासदांनी आपल्या पदाचा उपयोग स्वतःच्या व्यवसायाकडे केला होता, असे तीत उघड झाले. 1889 साली सार्वजनिक संस्थांतील लाचखाऊपणास शिक्षा सांगणारा कायदा झाला. मतदारांच्या जोडीला आता फौजदारी न्यायाधीश आला.

येथे सहज लक्षात येणारी गोष्ट अशी की, मुंबई नगरपालिकेचा कायदा 1888 सालचाच आहे. फिरोजशहा मेहता यांच्या कर्तृत्वाची छाप असलेल्या त्या कायद्यातही मक्त्यात हितसंबंध असणाऱ्यास सभासदत्व नाकारलेले आहे. म्हणजे हे तत्त्व आपल्याकडे प्रथमपासूनच आले.

परंतु फौजदारी न्यायालय लाचेचा विचार करते. उद्धटपणा, पक्षपात, नोकरांना धाकदपटशा, आप्तांच्या कामासाठी केलेली रदबदली, यांचा ते करीत नाही. आणि करदात्याची बहुतेक गाऱ्हाणी याच जातीची असतात. 1933 च्या कायद्याने सभासदाने आपला आर्थिक संबंध सभेत उघड करावा व त्या विषयावर मत देऊ नये, असे ठरविले. पण उघड करणे हे ज्याचे त्याच्यावरच सोपविलेले. याचे फळ पुढे दिसले. न्यूकासलच्या नगरसभेचा पुढारी टी. डॅन स्मिथ याने पाँटफ्रॅक्टच्या जॉन पोलसन या वास्तुशिल्पज्ञासाठी ठिकठिकाणच्या सभासदांना ‘सल्लागार’ म्हणून पैसे देऊन कामे मिळवून दिली. 1972 मध्ये पोलसनच्या दिवाळखोरीची चौकशी सुरू झाली तेव्हा हा गुंता उलगडला; गृहमंत्री मॉडलिंग यांना राजीनामा द्यावा लागला, व 1974 मध्ये पोलसन, स्मिथ आणि डरहॅम जिल्हासभेचा अध्यक्ष कनिंगहॅम हे तिघेही तुरुंगात गेले.

या प्रकरणानंतर लॉर्ड रेडक्लिफ-मॉड यांच्या समितीच्या शिफारशीवरून 1975 साली सभासदांच्या वर्तनाची एक राष्ट्रीय नियमावली निघाली. ती वाचावयास उत्तम होती; मात्र ती मोडणाऱ्याला शासन करणारा कोणी नव्हता. 1974 साली स्थानिक कारभाराविषयीच्या तक्रारींसाठी लोकपाल नेमले गेले खरे. पण 1988 पर्यंत नागरिकाची तक्रार सामान्यतः एखाद्या सभासदामार्फतच त्यांच्याकडे जावी, असा नियम होता. कुंपणाने शेत खाल्ल्याची फिर्याद कुंपणाच्याच हाती द्यावी, तशातलाच हा प्रकार.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. लॉर्ड नोलन यांच्या समितीने 1995 साली सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे सांगितली, 1997 साली स्थानिक सभांविषयी अहवाल दिला, आणि 2000 सालच्या कायद्याने इंग्लंडाकरिता एक मध्यवर्ती ‘स्टँडर्ड्स बोर्ड’ निर्माण झाले. कोणत्याही सभासदाविरुद्धची लेखी तक्रार प्रथम त्याच्याकडे जाई. स्वतंत्र न्यायमंडळास सभासदाला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरविता येई. सामान्य माणसाला दार मिळाले, हा लाभ लहान नव्हता. परंतु ते दार फार दूर होते. खेड्यातील दोन सभासदांच्या भांडणाचा निवाडाही राष्ट्रीय मंडळाकडे जाऊ लागला. 2006 च्या फेब्रुवारीत तर एका यहुदी वार्ताहराशी केलेल्या अनुचित भाषणाबद्दल लंडनचा लोकनियुक्त महापौर केन लिव्हिंग्स्टन यास चार आठवडे निलंबित करण्याचा हुकूम न्यायमंडळाने दिला. तो अमलात येण्यापूर्वीच स्थगित झाला, व ऑक्टोबरात वरिष्ठ न्यायालयाने रद्द केला. लाखो लोकांनी निवडलेल्याला तीन अनिर्वाचित माणसांनी दूर करावे काय, हा प्रश्न सर्वतोमुखी झाला.

त्याचे उत्तर 2011 च्या कायद्याने असे दिले की, मध्यवर्ती मंडळच मोडून टाकावे. 2012 साली ते बंद झाले. आर्थिक हितसंबंध लपविणे हा गुन्हा ठरला. पण बाकीच्या गैरवर्तनाचा विचार ज्या त्या सभेने करावा, एका स्वतंत्र व्यक्तीचे मत घ्यावे, आणि फार तर निषेधाचा ठराव करावा. निलंबनाचा अधिकार उरला नाही. ‘आपलेच दात नि आपलेच ओठ’ ही म्हण इंग्रजीत नसेल, पण तिचा अनुभव त्यांना लवकरच आला. 2019 साली सार्वजनिक जीवनातील वर्तनाविषयीच्या त्याच जुन्या समितीने सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार परत द्यावा अशी शिफारस केली, व 2024 च्या डिसेंबरात सरकारने त्या दिशेने लोकांची मते मागविली. स्कॉटलंड व वेल्स यांनी मात्र बाहेरील न्यायाधिकारी मोडले नव्हते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या साऱ्या येरझारांत नियमांचा शब्द फारसा बदलला नाही. बदलला तो ऐकणारा. मतदार, न्यायाधीश, राष्ट्रीय मंडळ, आणि अखेर आरोपीचेच सहकारी. मतदार सर्वश्रेष्ठ खरा; पण तो धोरणाचा निवाडा करतो, वर्तनाचा नव्हे. सभासदाच्या शिव्या खाणारा कारकून एक असतो आणि मतदार हजारो. त्याने चार वर्षे वाट पाहावी, असे म्हणणे म्हणजे त्याला न्याय नाकारणेच होय. निवडून येणे ही निर्दोषत्वाची सनद नव्हे. त्याबरोबरच दूरच्या मंडळाला गावची नाडी कळत नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. मराठेशाहीत गावच्या गोतसभेवर पक्षपाताचा संशय आला, तर वादीस आपला वाद परस्थळी, म्हणजे दुसऱ्या गावच्या गोताकडे, नेण्याची मुभा मागता येत असे. पंच जवळचे, रीतिरिवाज जाणणारे. पण त्या घरचे नव्हेत. आज महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या सदस्यास गैरवर्तनाबद्दल काढून टाकण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांकडे आहे. तेथे न्यायाधीश घरचा नाही, हे खरे. परंतु तो पंचही नव्हे, सरकारी अधिकारी आहे. इंग्लंडाने घरचा न्याय व राजधानीचा न्याय असे दोन्ही करून पाहिले, आणि दोन्हींत ते ठेचाळले. जवळचा असून त्रयस्थ असलेला पंच मिळेपर्यंत नगरपित्यांविरुद्धची फिर्याद अशीच दारोदार फिरत राहील, असे आम्हांस वाटते. पंचामुखी परमेश्वर बोलतो खरा. पण तो पंच कोणत्या गावचा, हे आधी पाहिले पाहिजे.