जुनी क्रिकेट बॅट : घरगुती डागडुजी (खडकी, पुणे)

वापरून खरवडलेली, चिरलेली किंवा सुकलेली बॅट घासून, सांधून, तेल मुरवून आणि मोगरीने ठोकून पुन्हा खेळण्याजोगी करण्याची रीत. हत्यारे सुताराच्या पेटीतली लागतात. कसब सुतारापेक्षा कमी पुरते, धीर मात्र जास्त लागतो. प्रत्यक्ष हात चालतो तो चार-पाच तास. गोंद धरण्याचा आणि तेल मुरण्याचा वेळ धरला तर एका बॅटीमागे आठवडा सहज जातो. बाजारात नवी बॅट मिळत असताना हा उद्योग कशाला, असे विचारणाऱ्याने खडकीसारख्या वस्तीचा इतिहास पाहावा.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी लढाई झाली, त्यानंतर खडकी इंग्रजांची छावणी झाली. १८६९ साली येथे दारूगोळा कारखाना उभा राहिला. छावणीबरोबर मैदाने आली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्रिकेट, हॉकी आले. त्यांनी टाकून दिलेले साहित्य वस्तीतल्या पोरांच्या हाती पडले. पुण्यात चेंडू टाकायला शिकलेले पळवणकर बाळू (मृत्यू १९५५) हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. त्यांचे वडील एका माहितीनुसार खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बंदुका साफ करण्याच्या व काडतुसे जुळवण्याच्या कामावर होते. दुसऱ्या माहितीनुसार ते ११२व्या पायदळ पलटणीत शिपाई होते. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम हे दोघे लष्करी अधिकाऱ्यांनी टाकलेल्या साहित्यावर खेळ शिकले, हे मात्र नोंदलेले आहे. पुढे बाळू एका पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडू व लोळवू लागले, आणि १८९२ मध्ये चार रुपयांवर पूना क्लबात गेले. तेथे जाळीत साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट हाती घेण्याची संधी त्यांना दिली गेली नाही. चर्मकार समाजातल्या या माणसाने भारतीय संघाच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्या काळी बॅट ही नुसती वस्तू नव्हती, ती कुणाच्या हातात जाते याला अर्थ होता. म्हणून टाकलेली बॅट उचलून दुरुस्त करणाऱ्या हातांची नोंद घेणे प्रस्तुत नोंदकर्त्याला आवश्यक वाटते.

हीच रीत खडकीत हॉकीतही दिसते. धनराज पिल्ले (जन्म १६ जुलै १९६८) यांचे वडील कारखान्याच्या मैदानावर देखभालीला होते. धनराज आणि त्यांचे भाऊ वसाहतीच्या चिखलट मैदानावर मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक, या सगळ्याची सुरुवात तिथली.

बॅटीची घडण. पाते विलोच्या लाकडाचे. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद; हलका, तंतुमय, मार बसला की फुटण्याऐवजी दबणारा. इंग्लिश विलो पांढरट व हलका असतो. काश्मिरी विलो इंग्रजांनी तिकडे नेलेल्या झाडांचा. तो तपकिरी झाक असलेला, थोडा जड आणि स्वस्त, त्यामुळे गल्लीतून मैदानावर येणाऱ्या बहुतेक मुलांच्या हाती तोच असतो. दांडा वेताचा, मधे रबराच्या पट्ट्या घालून चिकटवलेला. तो पात्यात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या पाचरीने बसवतात. या पाचरीच्या सांध्याचे श्रेय सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचे पहिले मुख्य अभियंता चार्ल्स रिचर्डसन यांना दिले जाते. काळ १८८० च्या आसपासचा. बॅटीच्या कारखान्यात पाते यंत्राखाली दाबून समोरची बाजू टणक करतात. हा दाबलेला थर काही मिलिमीटरच खोल असतो, आणि घरच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त बॅटी बिघडतात त्या याचे भान न राहिल्याने. पाते गुळगुळीत करण्याच्या हौसेत रंधा मारला की टणक थर निघून जातो आणि खालचे मऊ लाकूड पहिल्याच सामन्यात खड्डे खाते. रंधा पाठीवर, वजन कमी करायचे असेल तर, जपून चालवावा; समोर कधीच नाही.

पारख. आधी ग्रिप, स्टिकर, कडेची फायबर टेप आणि समोरची पारदर्शक शीट काढावी. शीट जोरात ओढली तर तंतू उचकटून येतात. केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देऊन, बुडाकडून वर, रेषांच्या दिशेने हळूहळू सोलावी. राहिलेला चिकटा टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसला जातो. मग बॅट उजेडात धरून पाहावे. समोरच्या बारीक केसासारख्या चिरा म्हणजे वय, रोग नव्हे. कडेला निघालेली सालपटे आणि फुगलेले बूड दुरुस्त होते. पात्यात खांद्यापासून खाली आरपार गेलेला तडा मात्र थांबवता येतो, बरा करता येत नाही. दांडा पिळून पाहावा. पाचरीतून करकर ऐकू आली तर सांधा सुटला आहे, आणि तो घरी हात लावण्याचा विषय नाही. नवा दांडा बसवण्यासाठी पाचर कोरून काढावी लागते, ते जाणत्या कारागिराचेच काम. दक्षिण मुंबईत अस्लम चौधरी यांनी सचिन तेंडुलकर, विराट कोहली यांच्या बॅटींची दुरुस्ती केली आहे. ज्यांना हव्या तितक्या नव्या बॅटी मिळू शकतात असे फलंदाजही हाताला बसलेली बॅट सोडत नाहीत, एवढे यावरून कळते.

शेवटी एक जुना चेंडू पात्यावर ठिकठिकाणी टपटपवावा. जिथे तो आपोआप उसळतो आणि हाताला काहीच झणझणत नाही, तिथे बॅटीचा ‘स्ट्रोक’ आहे. ती जागा पेन्सिलीने खुणावून ठेवली की दुरुस्तीनंतर फरक पडला का हे ताडता येते.

घासणे. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्या दिशेनेच घासावे. सुरुवात १०० किंवा १२० क्रमांकाने, मग १८०, २४० आणि शेवटी ३२०. आडवे घासले तर ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. मळ, चेंडूचा लाल रंग आणि जुन्या तेलाचा पिवळा थर गेला की थांबावे. निघालेला भुसा फेकू नये, त्याचे काम पुढे आहे.

चिरा सांधणे. केसासारख्या चिरेत पातळ फेविक्विक उतरते आणि पुरते. त्याहून रुंद भेगेसाठी पांढरा फेविकॉल. ब्लेडच्या पात्याने भेग किंचित उघडायची, सुई नसलेल्या सिरिंजने गोंद आत दाबायचा, बाहेर आलेला ओल्या फडक्याने पुसायचा आणि शिकंजा आवळायचा. शिकंज्याच्या दातांखाली लाकडाचा तुकडा ठेवला नाही तर बॅटीवर कायमचा वळ उठतो. शिकंजा नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे ताणून गुंडाळावेत. दाब एकसारखा पडतो आणि वळही उठत नाही. चोवीस तास हात लावू नये. कडेचा तुकडाच उडाला असेल तर जपून ठेवलेला भुसा गोंदात कालवून ती लांबी भरावी व सुकल्यावर घासावी. ही लांबी आकार परत देते, ताकद नाही. त्यामुळे वरून फायबर टेप हवीच. दोन भाग मिसळून लावायचा अॅराल्डाइट फार मजबूत असतो, पण तो लाकडासारखा लवत नाही. चेंडू बसणाऱ्या जागी त्याच्याशेजारीच नवी चीर पडते. बुडाला आणि खांद्याला तो चालतो.

बूड. यॉर्कर आणि ओली जमीन हे बुडाचे दोन शत्रू. फलंदाज क्रीजवर उभा राहून बॅट सतत आपटतो, तेव्हा तुटलेल्या तंतूंच्या टोकांतून पाणी वर चढते आणि बूड फुगते. फुगलेले बूड प्रथम सावलीत, वाऱ्यावर, काही दिवस वाळू द्यावे. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवले तर ते फाटते. मग घासून, भेगा सांधून, खाली रबराची पातळ पट्टी चपला-बुटांच्या तळाला वापरतात त्या चिकटद्रव्याने बसवावी. दोन्ही बाजूंना ते लावून, हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबून, मग दाबायचे. घाई केली तर पट्टी दोन डावांत निघते.

तेल. या कामात सर्वाधिक गैरसमज तेलाबद्दल आहेत. हवे ते जवसाचे, म्हणजे अळशीचे, कच्चे तेल. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल भरपूर असते. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि तंतूंमध्ये मुरून लाकूड लवचीक ठेवते व पाणी आत जाऊ देत नाही. खोबरेल किंवा मोहरीचे तेल असे सुकत नाही. बॅट तेलकट, जड आणि मठ्ठ होते. हार्डवेअरच्या दुकानात नुसते ‘बेल तेल’ मागितले तर बहुधा रंगकामाचे उकळलेले तेल मिळते. त्यात सुकवणारी द्रव्ये असतात आणि वर कडक पापुद्रा धरतो. लाकडी घाण्यावर काढलेले खाण्याचे जवसतेल बॅटीला उत्तम चालते.

एका वेळी चहाचा एक चमचा पुरे. मऊ फडक्याने समोर, कडांना आणि बुडाला पातळ हात द्यावा, बॅट आडवी, समोरची बाजू वर करून एक दिवस ठेवावी, उरलेले पुसावे. सुकलेल्या बॅटीला असे दोन किंवा तीन हात, दर वेळी दिवसाचे अंतर ठेवून. पाचरीच्या सांध्याला आणि पात्याच्या वरच्या भागाला तेल लागू देऊ नये, सांध्याचा गोंद सैल पडतो. बॅट तेलात बुडवून उभी ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात; तिने बॅट मरते.

आणि एक सूचना जिवाशी संबंधित. जवसतेल लावलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. सुकताना त्यातून उष्णता निघते, गोळा झालेल्या फडक्यात ती साठते आणि काडी न लावता पेट घेते. फडके पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकावे. मुलांना हे काम शिकवताना ही गोष्ट पहिल्यांदा सांगावी.

ठोकणे. घासल्याने वरचे काही दबलेले तंतू निघालेले असतात, म्हणून दुरुस्त बॅट नव्यासारखीच पुन्हा ठोकावी लागते. लाकडी मोगरी नसेल तर जुना सीझन बॉल मोज्यात घालून गाठ मारावी. सुरुवातीचे ठोके अगदी हलके, मग हळूहळू जोर. कडांवर सरळ मारायचे नाही. तिरक्या ठोक्यांनी त्या गोलसर करायच्या, कारण धारदार कड पहिल्याच बाहेर जाणाऱ्या चेंडूला सालपट सोडते. नव्या इंग्लिश विलोला पाच-सहा तास द्यावे लागतात, दुरुस्त बॅटीला दीड-दोन तास पुरतात. आवाज बदलत जातो, भरीव होतो. चाळीत किंवा वसाहतीत हे काम दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी करू नये, शेजारधर्म म्हणून. नंतर जुन्या, मऊ पडलेल्या चेंडूवर जाळीत काही षटके खेळून मगच नव्या चेंडूसमोर जावे. फक्त टेनिस बॉलवर खेळायच्या बॅटीला एवढे ठोकण्याची गरज नाही.

ग्रिप. हाताने चढवायची तर ग्रिप मोज्यासारखी गुंडाळून, आत टाल्कम पावडर टाकून, दांड्याच्या टोकावरून थोडी थोडी उलगडावी. त्याआधी दांड्यावरचा दोरा सुटला असेल तर तो गोंद लावून घट्ट, वेढ्याला वेढा टेकवून गुंडाळावा. सैल दोरा ग्रिपखाली गाठीसारखा बोचतो.

नियम. दुरुस्त बॅट सामन्यात चालावी म्हणून क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या पाचव्या नियमातली मापे पाळावी लागतात. लांबी ९६.५२ सेंमी आणि रुंदी १०.८ सेंमीपेक्षा जास्त नको; १ ऑक्टोबर २०१७ पासून जाडी ६.७ सेंमी आणि कड ४ सेंमी ही मर्यादाही आली. पाते फक्त लाकडाचे हवे; १९७९ मध्ये पर्थला ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, त्यानंतर हे स्पष्ट लिहिले गेले. पात्यावर चिकटवलेल्या आवरणाची जाडी १ मिमीपर्यंत आणि बुडाच्या पट्टीची ३ मिमीपर्यंत चालते. टेपवर टेप चढवत जाणाऱ्यांची बॅट या १ मिमीवर अडू शकते, म्हणून दर वेळी जुनी टेप काढून नवी लावावी.

ठेवण. पुण्याचा एप्रिल-मे कोरडा असतो, तेव्हा बॅट सुकून चिरते. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने बूड फुगते. पत्र्याखालचा माळा आणि उन्हात उभी असलेली गाडी या दोन्ही जागा टाळाव्यात. पावसाळ्यात बॅट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये; सुती कापडात, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकता आडवी ठेवावी. दिवाळीनंतर मैदाने कोरडी झाली की ती काढून पाहावी, आणि पाते हाताला खरखरीत लागले तरच तेलाचा एक हात द्यावा.