वहीचे शेवटचे पान

शाळेत कविता येते ती बहुधा पाठ होण्यासाठी. चाल लावून म्हणावयाची, परीक्षेत पूर्ण करावयाची आणि विसरून जावयाची. मुलाने स्वतः जुळविलेल्या चार ओळी मात्र वहीच्या शेवटच्या पानावर लपून राहतात. त्या पानालाही इतिहास आहे, आणि तो फलटणहून फार दूर सुरू होत नाही.

शेजारच्या खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. लग्नानंतर त्या लिहावयास शिकल्या आणि १८५४ साली, तेविसाव्या वर्षी, त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला. त्यात फुलझाडे आहेत, तशीच शूद्रांची दैनाही आहे. फूल पाहणारे डोळे समाजाकडे वळले की काय दिसते, हे त्यांनी स्वतः लिहूनच जाणले असावे.

पुढच्याच वर्षी फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. ते गद्य खरे. परंतु तिने उसने शब्द घेतले नाहीत. आपल्या वस्तीतील बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही, हे तिने पाहिले होते, तेच लिहिले. वेद वाचावयाची आम्हांस बंदी, तर मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या पाहण्यातूनच उठला. लिहिता लिहिता तिला आपला समाज दिसला, आणि त्यात आपण कोठे उभ्या आहोत हेही उमगले.

फलटणच्या बोलीचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी येथे प्रगत शिक्षण संस्था उभारली. तिची कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ साली सुरू झाली. बोलीच्या अभ्यासकाने शाळा काढावी, यात आम्हां शिक्षकांसाठी एक बोध आहे. साखरवाडीच्या बाजूचे एखादे मूल कवितेत ‘व्हतं’ लिहिते, तेव्हा आमची तांबडी शाई आधी धावते. शब्द सुधारतो; पण त्या शब्दामागची ऊसतोड करणारी आई कवितेतून निघून जाते. त्या जागी मग पाठ्यपुस्तकातला चांदोबा येतो.

प्रत्येक मूल कवी होणार नाही, व्हावयासही नको. वृत्त चुकले तर चुकू द्यावे. घरचा नळ, पालखीच्या मुक्कामाची रात्र, बापाचे कर्ज यांवर त्याला स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहू द्याव्यात, आणि शुद्धलेखनाचा तास दुसऱ्या दिवशी घ्यावा.