रोथॅमस्टेडचा पडीक अर्धा एकर

नोकरीची सगळी वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत केल्डालचे फ्लास्क तापवण्यात गेली. तीव्र गंधकाम्लात माती उकळायची, सेंद्रिय नत्राचा अमोनिया करून तो बोरिक आम्लात धरायचा. गुलाबी द्रावण हिरवं झालं की नत्र हाती आलं. मूळ रीत योहान केल्डालची, १८८३ सालची, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेतली.

त्याच सुमारास इंग्लंडात रोथॅमस्टेडला जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी एक उद्योग केला. ब्रॉडबॉक या शेतात ते १८४३पासून दरवर्षी गहूच घेत होते. १८८२ साली एका टोकाचा अर्धा एकर गहू त्यांनी कापलाच नाही. कुंपण घातलं आणि रान सोडून दिलं. पडलेल्या दाण्यांतून पुढच्या वर्षी गहू उगवला खरा, पण चार वर्षांत खुरटलेली मोजकीच रोपं उरली. माणसाने हात काढला की गव्हाचं तणापुढे काही चालत नाही. पुढे तिथे झाडोरा माजला. मातीच्या वरच्या नऊ इंचांत १८८१ साली ०.१०८ टक्के नत्र होतं; १९०४ साली ते ०.१४५ टक्के भरलं. शेणाची एक पाटीही न टाकता! चुनखडीची जमीन, त्यात आपोआप उगवलेल्या द्विदल वनस्पती. नत्र वाढायला त्यांचा हातभार लागलाच.

उलटा हिशेब अमेरिकेत झाला. रोथॅमस्टेडमध्येच मुरलेले जॉन ब्रेमनर आयोवात गेले आणि १९६४ साली त्यांनी डेनिस कीनींबरोबर पड आणि वहिती माती ताडून पाहिली. वहितीने सरासरी ३६ टक्के नत्र खाल्लं होतं. मला खरी गंमत वाटते ती पुढे. अमिनो आम्लं, अमिनो शर्करा असे सेंद्रिय नत्राचे प्रकार त्यांनी वेगळे काढले, तर त्यांचं आपसातलं प्रमाण फारसं बदललेलंच नव्हतं. पिकाने अमुकच प्रकार उचलला आणि बाकीचा ठेवला, असं झालं नव्हतं. सगळी पुंजीच आटली होती.

आपल्याकडे नमुना घेताना बांधावरची माती घेऊ नका, असं आम्हीच शेतकऱ्यांना बजावतो. शेताच्या नमुन्यापुरतं ते बरोबर आहे. पण पुढच्या खेपेला कधीच नांगर न लागलेल्या बांधाची माती वेगळ्या पिशवीत जरूर द्या, आणि दोन्हींचा सेंद्रिय कर्ब व एकूण नत्र मागून घ्या.