इनामगावचे जळके दाणे आणि गव्हाचे रानटी पूर्वज

१/ शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर या संशोधकांनी येथे ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. घरे, चुली आणि दफने यांच्याबरोबर तेथे जळून कोळसा झालेले धान्यही सापडले.

२/ त्या धान्यात जव प्रमुख होते, गहूही होता. ही दोन्ही पिके मुळात पश्चिम आशियातील रानटी गवते. त्यांची कणसे पिकताच तुटून दाणे जमिनीवर विखुरत. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी न तुटणारी कणसे माणसाने पुनःपुन्हा निवडली आणि गवताचे पीक झाले.

३/ गव्हाची वंशावळ अधिक गुंतागुंतीची आहे. दोन रानटी गवतांच्या संकरातून २८ गुणसूत्रांचा गहू निसर्गातच जन्मला. आपला खपली गहू त्याच घराण्यातला. पुढे शेतात त्याचा तिसऱ्या गवताशी संकर झाला आणि पोळीचा, ४२ गुणसूत्रांचा गहू अवतरला. त्याचा जनुकसंच मानवाच्या सुमारे पाचपट मोठा आहे.

४/ या गवतांची जन्मभूमी हिवाळी पावसाची. दख्खनमध्ये मात्र पाऊस पावसाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. मग ती येथे रुजली कशी? काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर, रब्बीत. इनामगावकरांनी तर पाण्यासाठी पाटही खोदला होता.

५/ जवाला प्राधान्य का, याचेही उत्तर त्याच्या स्वभावात असावे. गव्हापेक्षा ते कमी पाण्यावर व क्षारयुक्त जमिनीतही तग धरते.

६/ तरीही इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटले. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शिकार व पशुपालनावरील भर वाढला. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वसाहत ओस पडली.

७/ येथे एक धडा आहे. माणसाने रानातून मूठभर बियाणे उचलले. गवतांचे बहुतांश वैविध्य रानातच राहिले. पोळीच्या गव्हात तिसऱ्या गवताकडून आलेला वाटा तर फारच थोड्या रोपांचा आहे. म्हणूनच तांबेऱ्याशी झुंजणारी अनेक जनुके संशोधकांना आजही रानटी नातलगांकडून आणावी लागतात.

८/ पुण्याची आघारकर संशोधन संस्था गव्हाचे नवे वाण घडवते, खपलीचेही. शिरूर-दौंडची अवर्षणप्रवण शेती आज कालव्यांवर व विहिरींवर उभी आहे. पाणी आटले तर काय होते, हे घोडकाठच्या मातीत नोंदलेले आहे. तेव्हा त्या शेतकऱ्यांपाशी रानटी गवतांकडे परतण्याचा मार्ग नव्हता. आपल्यापाशी आहे, ती गवते टिकली तर.