राजाज्ञेची मर्यादा
फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६४३ ते १७१५ अशी ७२ वर्षे राज्य केले. अनियंत्रित राजसत्तेचा तो मूर्तिमंत आदर्श मानला जाई. तथापि राजाज्ञेची नोंद पॅरिसच्या ‘पार्लमां’ या उच्च न्यायालयात व्हावी लागे, आणि तत्पूर्वी हरकत घेण्याचा न्यायाधीशांस परंपरागत अधिकार होता. १६७३ साली लुईने फर्माविले: आधी नोंद, मग हरकत! न्यायाधीशांची पदे मात्र विकत घेतलेली व वंशपरंपरागत. ती त्याने राहू दिली.

१ सप्टेंबर १७१५ रोजी लुई निवर्तला. गादीचा वारस पाच वर्षांचा पणतू. राज्यकारभार पाहणाऱ्या ऑर्लेआंच्या ड्यूक फिलिपचे अधिकार आखडणारे मृत्युपत्र लुईने याच न्यायालयाच्या स्वाधीन केले होते. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने ते बाजूस सारले. मोबदल्यात फिलिपने हरकतीचा जुना अधिकार परत दिला. राजाने संस्था मुकी केली होती, नाहीशी नव्हे.