येलदरीचा प्रेक्षक, वानखेडेच्या पायऱ्या

1975 चा जानेवारी आहे. येलदरी कॅम्पाहून जिंतूर, जिंतूरहून परभणी असं करत तुम्ही स्टेशनच्या फलाटावर पोचला आहात. पिशवीत भाकरी, ठेचा आणि फडक्यात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर. गाडी मीटरगेजची, मनमाडला उतरून ब्रॉडगेजची गाडी धरायची, मग मुंबई. पूर्णेवरचं येलदरीचं धरण बांधून होऊन सात वर्षं झाली, पण बहात्तरच्या दुष्काळातली मिलो आणि सुकडी अजून जिभेवर आहे. क्रिकेट तुम्ही आजवर फक्त ऐकलं आहे. आता ते डोळ्यांनी बघायचं म्हणून निघाला आहात.

बोरीबंदरला उतरलात की टॅक्सीच्या नादी लागू नका, चालत निघा. आझाद मैदानाच्या कडेला बॉम्बे जिमखाना लागेल. तिथं थोडं रेंगाळा, म्हणजे 1933 चा डिसेंबर दिसेल. शामियाने उभारलेत, भारताच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना चालू आहे, लाला अमरनाथ शतकाकडे निघालेत. जिमखाना गोऱ्यांचा, एरवी हिंदी माणसाला सभासद म्हणून तिथं थारा नाही. पुढं ओव्हल ओलांडून चर्चगेटकडे या. ब्रेबॉर्न स्टेडियम 1937 पासून उभं आहे, तेही एका क्लबाचं. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं आणि सामने भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. खुर्च्या किती कुणाच्या, यावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजत आलं. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, विदर्भातले, त्या वेळी विधानसभेचेही अध्यक्ष, यांनी स्वतःचंच मैदान बांधायला घेतलं. ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, सुमारे 13 महिन्यांत. आराखडा शशी प्रभूंचा.

ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा. वानखेडे स्टेडियम जन्माला आलं ते जागांच्या भांडणातून.

चर्चगेट स्टेशन मागं टाकून उजव्या हाताला वळा. पूर्वेला लोकलचे रूळ, पश्चिमेला मरीन ड्राइव्हच्या इमारती आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. या चिंचोळ्या पट्टीत कुणीतरी 45,000 माणसांची सोय बसवली आहे. आत शिरताच पायाखाली उघडं काँक्रीट. खुर्ची नाही, डोक्यावर छप्पर नाही. गिरगावातून आलेला शेजारी वर्तमानपत्र पायरीवर पसरतो आणि सरकून तुम्हाला जागा करून देतो.

"कुठून आलात?"

"येलदरी. परभणी जिल्हा."

"बाप रे! मग आधी हे घ्या," म्हणत तो डब्यातली बटाट्याची भाजी पुढं करतो. तुम्ही भाकरी मोडता. दुपारपर्यंत पायरी एवढी तापते की कागदाच्या चार घड्या कराव्या लागतात. ट्रान्झिस्टर कानाला आहेच. समोर दिसतंय, तरी कुणीतरी सांगितल्याशिवाय तुमचा विश्वास बसत नाही.

दुसऱ्या दिवशी वेस्ट इंडिजचा क्लाइव्ह लॉइड द्विशतक पुरं करतो. एक पोरगा कुंपण ओलांडून त्याचा हात धरायला धावतो. पोलीस त्याला धरून बडवतात आणि तुमच्या आजूबाजूची सगळी गर्दी उठते. मोडतोड होते, आगी लागतात, खेळ थांबतो. तुम्ही ट्रान्झिस्टर छातीशी धरून भिंतीला चिकटून उभे आहात. नव्याकोऱ्या मैदानाचा हा पहिलाच कसोटी सामना. लॉइड 242 वर नाबाद राहतो, भारत मालिका 3-2 अशी हरतो आणि तरीही परतीच्या गाडीत तुम्ही मनमाडपर्यंत बोलत राहता.

1987 साली पुन्हा याल. विश्वचषकाची उपांत्य फेरी, इंग्लंडचा ग्रॅहम गूच स्वीपमागून स्वीप मारतोय, गावसकरांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय डाव चार धावांत संपतो. पायऱ्या त्याच, ऊनही तेच.

आता 2009 मध्ये या. मीटरगेज गेली, परभणीहून थेट गाडीनं मुंबई गाठता येते. पण मैदानात शिरता येत नाही. नॉर्थ आणि साउथ स्टँड पाडलेत, क्रेन उभ्या आहेत, तुम्ही बसला होतात ती पायरी राडारोडा होऊन कुठल्यातरी डंपरमधून गेली. नवा आराखडाही शशी प्रभूंचाच; आपणच उभं केलेलं पाडून पुन्हा बांधायचं काम वास्तुशिल्पकाच्या वाट्याला क्वचितच येतं. स्टेडियमलगतच्या डी रोडवर उभं राहून वर बघा. गोलाकार गॅलऱ्यांच्या त्या आर्ट डेको इमारती स्टेडियमच्या कितीतरी आधीच्या आहेत. रहिवाशांनी समुद्राशेजारी घर घेतलं होतं. तिथं सामन्याच्या दिवसाची गर्दी नंतर आली. सामना असला की गल्ली पोलिसांच्या ताब्यात, गाडी आणायची चोरी, रात्री उशिरापर्यंत भोंगे. नव्या बांधकामानं बसणाऱ्यांची सोय पाहिली, शेजाऱ्यांच्या वाट्याला प्रकाशझोत आणि बंद रस्ते कायम राहिले. वर्ल्ड हेरिटेजचा मान या इमारतींना 2018 साली मिळेल. गल्लीतली कोंडी त्यानं सुटणार नाही. 2009 च्याच डिसेंबरात कसोटी ब्रेबॉर्नवर भरते, 36 वर्षांनी, आणि सेहवाग 293 काढतो. ज्या क्लबाशी भांडून वानखेडे बांधलं, त्याच्याच दारात कसोटीला परत जावं लागलं.

2 एप्रिल 2011, विश्वचषकाचा अंतिम सामना. आता बघा काय देखणं झालंय. दोन्ही टोकांना पांढरं, तरंगतं वाटणारं छप्पर. खाली खांब नाही, त्यामुळं कुणाच्या मानेआड खेळपट्टी लपत नाही. प्रत्येकाला पाठ टेकायला खुर्ची. हे सगळं हवंच होतं. तापल्या काँक्रीटवर दिवसभर बसणं यात मिरवण्यासारखं काही नाही, आणि ज्यांना त्या पायऱ्यांची फार ओढ वाटते त्यांनी मे महिन्यात तासभर बसून दाखवावं.

पण खुर्च्या बसवताना जागा 33,000 च्या आसपास आल्या. त्यातही अंतिम सामन्याची जेमतेम 4,000 तिकिटं सर्वसामान्यांसाठी विक्रीला निघाली. बाकीची क्लब, संघटना, प्रायोजक, मानकरी. धोनीचा तो षटकार तुम्ही येलदरी कॅम्पातच बघता, चौकातल्या टीव्हीवर, शंभर माणसांच्या गर्दीत. फटाके फुटतात, गुलाल उधळतो. आनंद खराच आहे. तरी मला राग येतो. जागांसाठी भांडून उभारलेल्या मैदानात, 1975 साली पायरीवर सरकून मिळालेली जागा 2011 साली कुठल्या खिडकीवर मागायची?

एप्रिल 2016. मराठवाड्यातली मोठी धरणं तळाला गेलीत. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली आहे, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालय सांगतं, 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला जातो. मैदानासाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं आयोजक म्हणत होते. खेळपट्टीला लागणारं पाणी लातूरची तहान भागवणार नव्हतं, हे तुम्हालाही कळतं. पण चार कळशांसाठी तुमच्या घरातली बाई पहाटे तीनला उठते आहे, आणि राज्यात कुणीतरी हिरवळीआधी तिची दखल घेतली, याचं मोल मला फार वाटतं.

4 जुलै 2024. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेला संघ नरीमन पॉइंटहून उघड्या बसमधून निघालाय आणि वानखेडेत प्रवेश फुकट आहे. तुम्ही नातवाला घेऊन दुपारीच रांगेत लागता. पाऊस पडतोय, मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नाही, डी रोडचे रहिवासी घरात अडकलेत. गेट उघडतं आणि तुम्ही आत ढकलले जाता. नातवाला खुर्ची मिळते. तुम्ही त्याच्याशेजारी पायरीवरच टेकता.

आणखी थोडं पुढं चला. ठाण्याच्या बाजूला आमणे इथं लाखभर प्रेक्षकांचं नवं स्टेडियम बांधायचं घाटतंय. समृद्धी महामार्ग तिथंच उतरतो. जालन्याला चढलात की तुम्ही थेट त्या दाराशी. जागा भरपूर असतील. त्यातल्या किती खिडकीवर विकायच्या आणि परभणीच्या माणसाला त्या कशा मिळायच्या, हे पाया खणण्याआधी लिहून घ्या. नातवाच्या हातानं अर्ज करा, गावच्या सह्या घ्या, आमदाराला भेटा. 1973 साली वानखेड्यांनी जागांसाठी भांडण काढलं तेव्हा ते मोठ्या खुर्चीवर होते. तुम्ही तसे नाही, म्हणून सह्या जास्त लागतील.