संरक्षण आदेश (कौटुंबिक हिंसाचार)

संरक्षण आदेश हा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १८ अन्वये न्यायदंडाधिकारी देत असलेला मनाई आदेश होय. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळ अशा सर्व प्रकारांचा त्यात समावेश होतो.

स्वरूप
या आदेशान्वये गैरअर्जदारास हिंसाचार करणे, पीडितेच्या कामाच्या ठिकाणी जाणे, दूरध्वनी वा अन्य मार्गाने संपर्क साधणे, तसेच परवानगीविना संयुक्त बँक खाते किंवा स्त्रीधन हाताळणे यांस मनाई करता येते. तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांनाही संरक्षण मिळते. निवास, आर्थिक साहाय्य, अपत्यांचा ताबा व नुकसानभरपाई यांसाठी स्वतंत्र आदेशांची तरतूद आहे.

अर्ज व कार्यपद्धती
पीडिता स्वतः, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य व्यक्ती अर्ज करू शकते. पत्नीखेरीज आई, बहीण, तसेच विवाहसदृश संबंधात राहणारी स्त्रीही अर्जास पात्र आहे. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि त्यानंतर ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. निकड असल्यास प्रतिज्ञापत्राच्या आधारे एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते.

वाशीम जिल्ह्यातील अधिकारक्षेत्र
पीडिता तात्पुरती जेथे राहते, तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो. त्यामुळे अन्य जिल्ह्यातील सासर सोडून रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील माहेरी आलेल्या स्त्रीस सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. वाशीम जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या कक्षेत येतो.

उल्लंघन
आदेशभंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केवळ पीडितेच्या साक्षीवरूनही न्यायालय गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढू शकते.

महत्त्वाचे निर्णय
सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गैरअर्जदाराच्या व्याख्येतील ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द केले. त्यामुळे कुटुंबातील स्त्रियांविरुद्धही अर्ज करता येतो. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी आदेश देता येतो, असे २०२२ मध्ये स्पष्ट झाले.

मर्यादा
शेजारी, सहकारी किंवा अनोळखी व्यक्तीकडून होणारा छळ या कायद्यात मोडत नाही. पाठलागासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ लागू होते.